बाबासूट

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने आणि जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांच्या हद्दीत, लहान मुलग्याला घालून चारचौघांत मिरवावा असा एकही कपडा मिळत नाही. कोणास आढळल्यास त्याने तो माझ्याकडे आणून द्यावा. माझे दोन्ही मुलगे आता दाढी करतात. तरीही मी तो घेईन आणि कपाटात ठेवून अधूनमधून बघेन.

हे निवेदन मी गेली कित्येक वर्षं करत आले आहे. लग्नाच्या पंगतीत केलं, हळदीकुंकवात केलं, बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंपाशीही केलं. मुलगे असलेल्या बायका मान हलवतात. मुली असलेल्या बायका हसतात आणि पर्समधून मोबाइल काढून लेकीचे फोटो दाखवू लागतात. त्यात जरीचं परकर-पोलकं असतं, झालरीचा फ्रॉक असतो, केसांत फूल असतं, फुलाला साजेशी पर्स असते. दोन वर्षांच्या मुलीला पर्स. आपल्याला ‘किती गोड’ म्हणावं लागतं आणि ती खरोखरच गोड असते, हे आणखी वाईट.

राजकमल चौकाच्या आसपासच्या कुठल्याही मोठ्या दुकानात शिरा. मुलींसाठी अख्खा मजला, आरसे, बसायला गादी. मुलग्यांचं सामान जिन्याखाली, जिथे दुकानातल्या लोकांचे डबे ठेवलेले असतात. तिथे तीनच गोष्टी मिळतात. चौकटीचा शर्ट, खूप खिशांची पँट आणि छातीवर मोटार किंवा इंग्रजी अक्षरं असलेला टी-शर्ट. ती अक्षरं कोण लिहितं, मला माहीत नाही. माझ्या थोरल्याच्या टी-शर्टवर ‘ब्रुकलिन’ असं लिहिलं होतं. वाचायला येऊ लागल्यावर त्याने वडिलांना विचारलं, “पप्पा, ब्रुकलिन म्हंजे काय?” आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, “बडनेऱ्याच्या पुढचं स्टेशन.” पुढे एकदा गाडीत बसलो, तेव्हा पोरगं खिडकीला नाक लावून ब्रुकलिनची वाट बघत मूर्तिजापूरपर्यंत जागं राहिलं.

माझ्या दोघांच्या लहानपणीचे फोटो पाहिले तर वाटतं, आम्ही एकच शर्ट आणि एकच पँट घेतली आणि ती दोघांना दहा वर्षं पुरवली. मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. जुन्या पैठणीच्या पदराचं जाकीट शिवून घेतलं, तर सासूबाई म्हणाल्या, बँडवाल्याचं पोट्टं दिसते. धाकट्याला धोतर नेसवलं, ते त्याने मंगल कार्यालयाच्या दारातच सोडलं आणि तसाच आत गेला. मग मी हात टेकले. पण इच्छा काही गेली नाही. ती आत कुठेतरी इस्त्री करून, घडी घालून ठेवलेली होती.

आणि मग माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला.

भाऊ अकोल्याला असतो. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांच्याकडे पाळणा हलला होता, त्यामुळे सगळ्या घराला आनंद होता. मला दुप्पट होता, कारण मी आत्या होते आणि मूल मुलगा होतं. बारशालाच मी हौस भागवणार होते, पण आमच्याकडे तान्ह्याला पहिल्यांदा नवं घालत नाहीत. घरातल्या मोठ्या माणसाचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड लागतं. आईने बाबांच्या जुन्या धोतराची झबली शिवून ठेवली होती. संक्रांतीला बोरन्हाणाचा काळा ड्रेस आला, तो मामाकडून. मामाचा मान, तिथे माझं काय चालणार. म्हणून मी तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, तीळगूळ हातात धरून घोषणा केली, की पहिल्या वाढदिवसाचा कपडा माझा. त्यात कोणी नाक खुपसायचं नाही.

“घे ना बापा,” भावजय म्हणाली. तिचं माहेर शेंदूरजनाघाटचं, संत्र्याच्या बागा असलेलं, आणि ती माणसाला एक शब्द पुरत असेल तर दोन वापरत नाही. “फक्त टोचू नये म्हंजे झालं.”

पुढचं सगळं ज्या एका शब्दामुळे झालं, तो शब्द आता सांगते. कापडाच्या धंद्यात लहान मुलाला ‘बाबा’ म्हणतात आणि लहान मुलीला ‘बेबी’. हे ज्यांना मुलं आहेत त्या सगळ्यांना ठाऊक असतं. दुकानात पाय ठेवला की विचारतात, “बाबा का दिखाऊँ, के बेबी का?” कोट-पँट-शर्ट असा मुलग्याचा जोड एकत्र मिळतो, त्याला म्हणतात बाबासूट. मी हा शब्द इतक्या वेळा ऐकला आणि वापरला होता, की तो मला शब्द वाटेनासाच झाला होता. तो नुसता कपडा होता.

आमच्या घरात मात्र बाबा एकच. माझे वडील. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आई आणि ते असतात. वय अठ्ठ्याहत्तर, उंची दारात वाकावं लागेल इतकी, अंगावर मांस बेताचं. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, पांढरी टोपी. वावरात जाताना तेच, लग्नात तेच, फक्त लग्नातलं धुतलेलं. त्यांना कपडे कोणी आणले नाहीत असं नाही. पाहुण्यांकडे गेले की आहेरात टॉवेल-टोपी आणि शर्टपीस मिळायचं. ते पीस घरी येऊन आईच्या पेटीत जायचं आणि दुसऱ्याच्या लग्नात आहेर म्हणून परत बाहेर पडायचं. काही पिसं तर तालुकाभर फिरून पुन्हा आमच्याकडेच आली. आई त्यांना ओळखायची. पण त्यातलं एकही बाबांच्या अंगावर शिवून चढलं नाही. त्यांना कधी कोणी विचारलंही नाही, की तुम्हाला काय आवडतं. ते बोललेही नाहीत. मला वाटायचं, त्यांना काही आवडतच नसेल.

तर मी बाबासूट शोधू लागले. राजकमल झालं, जवाहर गेटच्या आतल्या गल्ल्या झाल्या, नांदगाव पेठच्या रस्त्यावरचा कापडाचा ठोक बाजार झाला. एका दुकानात पोलिसाचा ड्रेस निघाला, शिट्टीसकट. एका ठिकाणी सोनेरी शेरवानी होती, तिला हात लावला तर हाताला सोनं लागलं. आमचे हे प्रत्येक दुकानात स्टुलावर बसून राहायचे आणि शेवटी एवढंच म्हणायचे, “पोराले काही कळन काय यातलं?” मी म्हणायचे, “फोटोले कळते.”

आणि मग एका साध्याशा दुकानात, जिन्याखालीच, तो सापडला. गडद निळा. कोट, पँट, आत पांढराशुभ्र सुती शर्ट, गळ्याला लाल बो. कोटाला अस्तर मऊ, टोचेल असं काही नाही. पँटला पुढून साहेबी बटण आणि मागून इलॅस्टिक. मी तो दोन्ही हातांनी वर धरला आणि दुकानातच थोडा नाचवला. दुकानदार म्हणाला, “दीदी, ये बाबासूट में लास्ट पीस है.” मी म्हटलं, लास्ट नाही हो, फर्स्ट आहे, आयुष्यातला.

घरी येऊन मी पहिला फोन आईला केला. तो संवाद जसाच्या तसा देते, कारण नंतर आम्ही दोघींनी तो इतक्या वेळा आठवून पाहिला आहे, की आता पाठ झाला आहे. आईला फोनचा स्पीकर बंद करता येत नाही, आणि बाबा ओसरीवर तिच्या शेजारीच बसले होते, एवढं लक्षात ठेवा.

“आई, बाबासूट भेटला वं.”

“काय भेटला?”

“बाबासूट. निळा. कोट, पँट, शर्ट, सारं. गळ्यात लाल बो हाये, फुलपाखरासारखा.”

आई म्हणाली, “अवं, पन त्याईले कोट सहन होईन काय? अकोल्याची गर्मी.”

“घंटाभराचा तं सवाल हाये. केक कापला, फोटो काढले, का देऊ उतरवून.”

“अन् माप?”

“अंदाजानं घेतलं. जरा मोठंच घेतलं.”

“मोठंच बरं. घट्ट झालं का चिडचिड करतेत.”

“अन् पँटले मागून इलॅस्टिक हाये. घाईची लागली तं पटकन खाली ओढता येते.”

“हे बेस केलं,” आई मनापासून म्हणाली. “नाडीची गाठ बसली का लय तरास होते त्याईले.”

आमच्या वऱ्हाडीत ‘त्याले’ म्हणजे त्याला आणि ‘त्याईले’ म्हणजे त्यांना. लेकराला त्याले, नवऱ्याला त्याईले. मधल्या एका ‘ई’चा फरक. तो ‘ई’ दर्यापूर ते अमरावती येता येता कुठे पडला, देव जाणे. मला ‘त्याले’च ऐकू आलं. नाडीची गाठ कोणत्या एक वर्षाच्या मुलाला बसते, हेही मला सुचलं नाही. मी फोन ठेवला आणि सूट कपाटात टांगला.

चार दिवस मी सुखात होते. मग आईचा फोन आला. आवाज कौतुकाचा होता.

“तुहे बाबा दर्यापूरले जाऊन आले परवा. जीपगाडीत बसून. काळे बूट आनले, लेसवाले. अन् मोजे.”

“कावून? बूट कायले?”

“कायले म्हंजे? सुटाखाली चप्पल शोभन काय, म्हनते. दोन दिवसांपासून ओसरीवर बूट घालून चालून राहिले. सवय करून राहिलो म्हनते.”

मला अजूनही कळेना. “कोनत्या सुटाखाली?”

“तू नाई काय घेतला त्याईच्यासाठी? बाबासूट?”

मी खाली बसले. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर, नसती तरी बसले असते. मी आईला हळूहळू समजावून सांगितलं, की दुकानवाले लहान पोराला बाबा म्हणतात, तो सूट नातवाचा आहे, हातभर लांबीचा आहे. आई खुदकन हसली, आणि मग एकदम हसायची थांबली.

“अवं पन त्यायनं साऱ्या गावाले सांगतलं,” ती म्हणाली. आता तिने आवाज अगदी खाली आणला होता. “पारावर सांगतलं, दूध घेनाऱ्याले सांगतलं. पोरीनं सूट घेतला म्हनते, न सांगता. मी म्हनलं, तुमाले आवडन काय कोट? तं म्हनते, आवडाले काय झालं, लग्नातच घालाचा होता, तवा कोनं देला नाई.”

हे मला नवीन होतं. पन्नास वर्षांपूर्वी या माणसाला लग्नात कोट घालायचा होता. आणि त्याने ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

“मी काही सांगत नाई त्याईले,” आई म्हणाली. “तुहा तू पाहून घे. थांब, येऊनच राहिले हे.”

मागून बुटांचा आवाज आला. टक, टक, जपून. मग बाबा फोनवर आले. बाबा फोनवर सहसा येत नाहीत. आले तरी पाऊसपाणी विचारून आईकडे देतात.

“काय वं,” ते म्हणाले, “कोटाच्या आतून बनियन घालाव लागते, का नुसता सदरा?”

तेव्हाच सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते हसले असते, म्हणाले असते, बरं झालं, मले कायले पाह्यजे सूट. मग बूट पेटीवर ठेवले असते. मला ते बूट पेटीवर ठेवलेले दिसले.

“घाला बाबा,” मी म्हटलं. “बनियन घाला.”

संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, “म्हणजे आता बाबांचा बाबासूट.” आणि उठून स्कूटर काढली.

आता अडचण अशी, की सूट नुसता घ्यायचा नव्हता. घेतलेला असायला हवा होता. फोनवर त्याचं सगळं वर्णन होऊन गेलं होतं. निळाच हवा. आत पांढराच शर्ट हवा. गळ्यात लाल फुलपाखरूच हवं. आणि मापं विचारता येत नव्हती, कारण सूट तर कपाटात टांगलेला होता. आईने बाबा वावरात गेल्यावर त्यांचा सदरा-पायजमा बाजेवर पसरला आणि वितीने मोजून मला फोनवर सांगितला. तिची वीत माझ्या वितीपेक्षा लहान आहे की मोठी, यावर आमचा वाद झाला. शेवटी दोघींनी एकाच कंपनीचा बिस्किटांचा पुडा हातात घेऊन आपापल्या विती त्यावर जुळवल्या.

मी दुकानात शिरले. आरशांचं, थंडगार, नवरदेवांचं दुकान.

“किसके लिए देखना है, दीदी?”

“बाबांसाठी. सूट.”

“बाबासूट ऊपर, दूसरे माले पे. यहाँ बड़ों का है.”

“मोठ्यांचाच पाहिजे. बाबांसाठी.”

“हाँ, तो बाबा का ऊपर. कितने साल का बाबा है?”

“अठ्ठ्याहत्तर,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे बघितलं. यांनी हाताने छताच्या जवळ उंची दाखवली. तेव्हा तो कामाला लागला.

मुलग्यांना धड कपडे मिळत नाहीत, हे माझं दुःख जुनं आहे, पण ते किती लांबवर पसरलेलं आहे हे मला त्या दिवशी कळलं. उंच आणि सडपातळ म्हाताऱ्यासाठी निळा सूट म्हटलं, की बाह्या पुरतात तिथे पोट असं असतं की आत आणखी एक माणूस मावेल. जिथे पोट बरोबर, तिथे बाह्या कोपरापाशी संपतात. दुकानदारांना वाटतं, एवढ्या वयाच्या माणसाला राखाडी हवा. राखाडी, तपकिरी, नाहीतर ‘आजकल बुजुर्ग लोग जाकीट पहनते हैं’. मी निळा म्हणत राहिले. अखेर चौथ्या की पाचव्या दुकानात सापडला, जवळजवळ त्याच निळ्याचा. लाल बो नवरदेवाच्या मित्रांसाठीच्या खोक्यातून निघाला. उरलं इलॅस्टिक. आमच्या गल्लीतल्या टेलरने साहेबी पँट हातात घेऊन मला दोनदा विचारलं, “इलॅस्टिक? हिच्यात?” मी म्हटलं, “हो. वचन दिलेलं आहे.”

वाढदिवस अकोल्याला, भावाच्या बिल्डिंगच्या खाली, गाड्या बाहेर काढून मोकळ्या केलेल्या जागेत होता. एप्रिलचा महिना. संध्याकाळीही फरशीतून वाफ येत होती. दोन कूलर घों घों करत होते आणि फुगे आपापले फुटत होते. भाऊ-भावजयीला मी सगळं आधीच सांगितलं होतं. भाऊ म्हणाला, “ताई, मायबापाची शपथ, मी हसनार नाई.” भावजय म्हणाली, “दोघंही निळ्यात. जोड होईन.” तेच ठरलं. आजोबा आणि नातू, एकाच रंगाचे. कोणी विचारलंच तर मी म्हणणार होते, की मुद्दामच घेतले तसे.

आई-बाबा दर्यापूरहून बसने आले. बाबांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत बूट. रस्त्यात धूळ लागू नये म्हणून. पाणी प्यायले, नातवाच्या गालाला बोट लावलं, आणि मग सहज विचारल्यासारखं मला म्हणाले, “तं कुठं हाये थो?”

मी सूट दिला. ते आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

आम्ही बाहेर उभे. आई दाराकडे बघत होती, भाऊ जमिनीकडे. मला एकदम सगळ्या चुका दिसू लागल्या. वितीची चूक झाली असेल. बाही आखूड निघेल. खिशात दुकानाची चिठ्ठी राहिली असेल, आणि ते ती वाचतील. आणि खांदे बसले नाहीत, तर ते काही बोलणार नाहीत, नुसते सदरा-पायजम्यात परत येतील आणि म्हणतील, गर्मी लय हाये ना. तेच तर त्यांनी जन्मभर केलं होतं.

बराच वेळ झाला. मग आतून हाक आली, “हे फुलपाखरू कसं बसवतेत बावा?”

भाऊ आत गेला. थोड्या वेळाने दोघे बाहेर आले.

कोट बसला होता. खांद्यात जरा सैल, पण सैल चांगला दिसत होता. बाह्या मनगटाशी अगदी बरोबर संपत होत्या. काळे बूट चकचकत होते. लाल बो किंचित तिरपा होता. आणि सगळ्याच्या वर पांढरी टोपी, रोजची. ती काढायचं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण ती तिथे शोभत होती. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मग त्यांना खिसा सापडला. त्यांनी अडकित्ता आणि सुपारी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून एकदा थापटून पाहिलं.

“कसं हाये?” त्यांनी आईला विचारलं.

आई पन्नास वर्षांत त्यांच्या कपड्यांवर ‘धुवाले टाका’ याखेरीज काही बोललेली नव्हती. ती म्हणाली, “असेच राहा.” आणि लगबगीने पाणी आणायला गेली, पाणी कोणी मागितलं नव्हतं.

बाबा पाहुण्यांना भेटायला खाली गेले आणि मी सुटकेचा श्वास सोडला. आता काही बिघडणार नव्हतं. आता फक्त माझ्या भाच्याला त्याचा सूट घालायचा होता.

त्याला तो आवडला नाही.

एक बाही गेली, तोवर त्याला नवल वाटलं. दुसरी घालताना त्याने कमान केली. लहान मुलं कमान करतात तेव्हा त्यांच्यात हत्तीचं बळ येतं. कोट चढवला, तर त्याने तो ओठ बाहेर काढून पाहिला आणि असा टाहो फोडला, की खाली कोणीतरी कूलर बंद केला, ऐकायला. पँटमध्ये पाय जाताक्षणीच ती ओली झाली. लाल बो त्याला एकदाच आवडला, तोंडात. भावजयीने तो ओढून काढला, तेव्हा त्याचं फुलपाखरू राहिलेलं नव्हतं. आम्ही तिघी-चौघी घामाघूम झालो. मी टाळ्या वाजवल्या, माकड झाले, कोट स्वतःच्या डोक्यावर घेऊन नाचले. भावजयीने शेवटी सगळं काढून टाकलं, त्याला एका पातळ बनियनमध्ये आणि डायपरमध्ये मोकळं केलं, आणि तो क्षणात हसायला लागला.

“नाई टोचत,” ती मला म्हणाली, मला बरं वाटावं म्हणून. “पन त्याले नाई पाह्यजे.”

खाली सगळे केकभोवती जमले होते. शेजारीपाजारी, भावाच्या ऑफिसातले, गावाकडचे दोघे-चौघे. बाबा टेबलापाशी मधोमध उभे होते. लोक येऊन त्यांच्या कोटाला हात लावून बघत होते आणि ते प्रत्येकाला सांगत होते, की पोरीनं आणला, अमरावतीहून, मागून इलॅस्टिक हाये. गावचे एकजण तर मागे जाऊन बघूनही आले. भावजयीने मूल आणून बाबांच्या हातात दिलं. पोराने आजोबांचा लाल बो पकडला आणि तो मात्र त्याला आवडला. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा.

आम्ही सगळे हसऱ्या तोंडाने उभे राहिलो. मी बाबांच्या शेजारी होते. गडद निळ्या सुटातला तो उंच माणूस, आणि त्याच्या कडेवर डायपरमधला उघडानागडा नातू, फोटोत असे दोघे कायमचे येणार होते. माझ्या सगळ्या हौसेचं काय झालं, याचं मला दुःख व्हायला हवं होतं, पण होईना.

फोटो काढून झाला. तेव्हा बाबांनी हातातल्या पोराकडे पहिल्यांदा नीट बघितलं. बनियन बघितलं, डायपर बघितला. मग माझ्याकडे वळले, आणि वावराच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारायच्या आवाजात, साऱ्या पाहुण्यांसमोर म्हणाले,

“कावं, सारं माह्यावरच उडवलं काय? लेकराले एखांदं झबलं तरी आनाचं होतं.”